बँक खाते, मोबाईल पाकीट आणि ‘आपला’ पैसा : ॲपमधील शिल्लकेचे स्वरूप व मर्यादा

प्रास्ताविक

‘पैसे फोनमध्ये आहेत’ हे विधान आज महाविद्यालयाच्या प्राध्यापक कक्षात, महाद्वार रोडवरील फुलवाल्यासमोर आणि शाहूपुरीतील गूळ अडत्याच्या पेढीवर सारख्याच सहजतेने केले जाते. बोलणाऱ्यास त्यातून नेमके काय अभिप्रेत आहे याची चौकशी केली असता मात्र निदान तीन वेगवेगळी उत्तरे मिळतात. कोणाच्या फोनमध्ये केवळ बँक खात्याशी जोडलेले यूपीआय ॲप असते. म्हणजे वस्तुतः त्याचे पैसे फोनमध्ये नसतातच, ते बँकेतच असतात आणि फोन हे त्या खात्यावर हुकूम सोडण्याचे साधन असते. कोणी आपल्या खात्यातील हजार-दोन हजार रुपये आधीच एखाद्या कंपनीच्या वॉलेटमध्ये वळविलेले असतात. तर कोणाच्या ॲपमध्ये ‘यूपीआय लाइट’ या नावाखाली एक छोटी शिल्लक स्वतंत्रपणे दिसत असते. पडद्यावर या तिन्ही रकमा एकाच ठशात, एकाच रुपयाच्या चिन्हापुढे उमटतात. कायद्याच्या आणि हिशेबाच्या दृष्टीने त्या एकसारख्या नाहीत.

प्रस्तुत लेखात यांपैकी दुसऱ्या व तिसऱ्या प्रकाराचा, म्हणजे स्वतःचीच रक्कम स्वतःच्याच नावावरील ॲप-शिल्लकेत वळविण्याच्या व्यवहाराचा विचार केला आहे. हा व्यवहार करताना आपण कोणास काही दिले, कोणाकडून काही घेतले असे वाटत नाही. एका खिशातील नोट दुसऱ्या खिशात ठेवल्यासारखे वाटते. लेखकाचे प्रतिपादन असे की, खिसा बदलण्याइतकी ही क्रिया निरुपद्रवी नाही. पैसा वॉलेटमध्ये जाताच पैशाचा मालक ‘ठेवीदार’ राहत नाही. तो ‘आगाऊ रक्कम भरलेला ग्राहक’ होतो. या दोन भूमिकांमधील अंतर एरवी जाणवत नाही. ते जाणवते ते पैसे परत हवे असतात तेव्हा.

कूपन, पिग्मी आणि वॉलेट

कोल्हापुरात बाहेरगावाहून शिकावयास येणाऱ्या विद्यार्थ्यांना खानावळीची कूपनपद्धती परिचित आहे. महिन्याच्या आरंभी रोख रक्कम भरावयाची, कूपनांचे पुस्तक घ्यावयाचे आणि प्रत्येक जेवणास एक कूपन फाडून द्यावयाचे. पैसे भरले त्याच दिवशी ते खानावळवाल्याचे झाले. त्यातून त्याने तांदूळ-तेल भरले तरी कोणी हरकत घेत नाही. विद्यार्थी महिन्याच्या मध्यास गावी गेला तर उरलेल्या कूपनांचे पैसे मिळतील की नाही हे मालकाच्या भलेपणावर अवलंबून असते. ते कूपन शेजारच्या खानावळीत चालत नाही. रिझर्व्ह बँकेच्या परिभाषेत हे ‘बंद’ स्वरूपाचे आगाऊ भरणा साधन होय, आणि अशा बंद साधनांस रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही.

आता याच शहरातील दुसरे चित्र पाहावे. सायंकाळी लक्ष्मीपुरीतील दुकानांमधून पिग्मी एजंट फिरतो. दुकानदार शंभर-दोनशे रुपये त्याच्या हाती देतो व पावती घेतो. ही रक्कम बँकेत जमा होते तेव्हा ती ठेव असते : तिच्यावर ठरल्याप्रमाणे व्याज मिळते, मुदतीनंतर ती परत मिळण्याचा हक्क असतो, आणि बँक बुडाल्यास ठेव विमा व पत हमी महामंडळाचे संरक्षण असते. हे संरक्षण प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारास, मुद्दल व व्याज मिळून, फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपयांपर्यंत करण्यात आले; तत्पूर्वी ते एक लाख होते. (पिग्मी पतसंस्थेची असेल तर हे विमा-संरक्षण नसते. एम.फिल.च्या निमित्ताने पतसंस्थांच्या ठेवींचा अभ्यास करताना लेखकास असे आढळले की, सुशिक्षित ठेवीदारही ‘बँक’ आणि ‘पतसंस्था’ हे शब्द आलटूनपालटून वापरतात. त्यात आपल्या सेवक पतसंस्थांचे सभासदही आले.)

मोबाईल वॉलेट दिसते पिग्मीसारखे. त्याची जात मात्र कूपनाची आहे. फरक इतकाच की, हे कूपन एका खानावळीऐवजी हजारो दुकानांत चालते. म्हणूनच अनेक वर्षे त्यास ‘अर्ध-बंद’ असे नाव होते. २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याने रिझर्व्ह बँकेस या क्षेत्राच्या नियमनाचा अधिकार दिला. एप्रिल २००९ मध्ये आगाऊ भरणा साधनांविषयी पहिली मार्गदर्शक तत्त्वे आली, ऑक्टोबर २०१७ मध्ये त्यांचे सविस्तर निर्देशांत रूपांतर झाले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये हे निर्देश नव्याने काढण्यात आले. २०२१ च्या निर्देशांत ‘अर्ध-बंद’ ही संज्ञा मागे पडून ‘लघु’ आणि ‘पूर्ण केवायसी’ असे दोन वर्ग करण्यात आले. हा नामबदल केवळ शब्दांचा नाही. पूर्वीचे वर्गीकरण पैसा कोठे चालतो यावर होते. नवे वर्गीकरण पैशाच्या धन्याची ओळख किती पटली आहे यावर आहे.

रक्कम प्रत्यक्षात कोठे जाते

आपण ॲपमध्ये ‘ॲड मनी’ या बटणावर बोट ठेवून एक हजार रुपये भरले असे समजू. आपल्या बँकेच्या वहीत आपल्या खात्यास हजार रुपये नावे पडतात. ते जमा कोठे होतात? आपल्या नावाच्या दुसऱ्या कोणत्याही बँक खात्यात नव्हे. वॉलेट देणारी संस्था बँक नसेल तर तिने सर्व ग्राहकांची मिळून शिल्लक रक्कम एखाद्या अनुसूचित व्यापारी बँकेतील एस्क्रो खात्यात ठेवणे बंधनकारक आहे. एस्क्रो म्हणजे विशिष्ट कारणाखेरीज हात लावता येणार नाही अशा अटीवर ठेवलेला पैसा. दुकानदारांना द्यावयाच्या रकमा, ग्राहकांना परतावे इत्यादी ठरवून दिलेल्या कारणांसाठीच त्यातून पैसे काढता येतात. आपल्या हजार रुपयांची नोंद मग कंपनीच्या स्वतःच्या संगणकीय वहीत आपल्या मोबाईल क्रमांकापुढे होते. बँकेच्या वहीत मात्र हे लाखो ग्राहकांचे एकच खाते असते.

ही रचना वाईट आहे असे सुचविण्याचा हेतू नाही. उलट खानावळवाल्याच्या गल्ल्याशी तुलना केली तर एस्क्रोची अट हे मोठेच संरक्षण आहे. पण ते ठेव विम्याचे संरक्षण नव्हे.

व्याजाचा प्रश्न अधिक उद्बोधक आहे. वॉलेटमधील शिल्लकेवर ग्राहकास व्याज देण्यास नियमानेच मनाई आहे. यामागील तर्क सरळ आहे : व्याज दिले की ती ठेव झाली, आणि ठेवी स्वीकारणे हे बँकांचे काम. परंतु त्याच नियमांत आणखी एक तरतूद आहे व ती सामान्य ग्राहकास क्वचितच ठाऊक असते. एस्क्रो खात्यात वर्षभर सातत्याने राहणारी जी किमान रक्कम असते, तिला ‘गाभा’ रक्कम म्हणतात, ती काही अटींवर त्याच बँकेत वेगळी ठेवून तिच्यावर व्याज मिळविण्याची मुभा बिगर-बँक कंपनीस आहे. म्हणजे आपण सर्वांनी मिळून विसरलेले पन्नास-शंभर रुपये कोणासही व्याज देत नाहीत असे नव्हे. ते आपणास देत नाहीत, इतकेच. रक्कम एका व्यक्तीच्या दृष्टीने नगण्य असल्याने यावर कोणी तक्रार करीत नाही. अर्थशास्त्राच्या अध्यापकांना मात्र हे उदाहरण वर्गात उपयोगी पडावे.

भरणा करण्याचे मार्ग अनेक आहेत : डेबिट कार्ड, नेटबँकिंग, यूपीआय, क्रेडिट कार्ड आणि काही वॉलेटमध्ये रोख. यांपैकी क्रेडिट कार्डाने केलेला भरणा हा ‘स्वतःचा पैसा’ वळविणे नसून उधारीचा पैसा वळविणे आहे, आणि त्यावर कंपन्या बहुधा शुल्क आकारतात. यूपीआयने वॉलेट भरताना ग्राहकास काही द्यावे लागत नाही. पण पडद्यामागे खर्च असतोच. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या व्यवस्थेनुसार दोन हजारांहून अधिक रकमेच्या भरण्यासाठी वॉलेट कंपनीने ग्राहकाच्या बँकेस शेकडा पंधरा पैसे द्यावेत असे ठरले. पाच हजारांच्या भरण्यावर हे साडेसात रुपये होतात. बँकेतून ठेव बाहेर जाण्याची ही एक प्रकारची भरपाईच म्हणावी लागेल.

भरणे सोपे, परत आणणे अवघड

येथे एक स्वानुभव नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात लेखक तासिका तत्त्वावर अध्यापन करीत होता. तासिकांचे मानधन अनेक महिन्यांनी एकत्र मिळते हे वाचकांस सांगावयास नको. ते मिळाल्यावर एका वॉलेटने (नाव येथे महत्त्वाचे नाही) देऊ केलेल्या परताव्याच्या सवलतीपोटी लेखकाने त्यात तीन हजार रुपये भरले. भरण्यास अर्धा मिनिट लागला. दहा दिवसांनी घरातील आजारपणासाठी रोख रकमेची गरज भासली, तेव्हा ती रक्कम खात्यात परत वळविण्याचा प्रयत्न केला असता ॲपने ‘केवायसी पूर्ण करा’ असा संदेश दिला. त्यासाठी नेमलेल्या केंद्रावर दोन वेळा गेल्यावर एकदा यंत्र बंद होते, एकदा माणूस नव्हता. अखेरीस शेजारच्या काकांचे वीजबिल आणि दोन नातेवाइकांचे मोबाईल रिचार्ज त्या वॉलेटमधून केले, व त्यांच्याकडून रोख पैसे घेतले. पैसा आपलाच होता. तो मिळविण्यासाठी मात्र शेजाऱ्याचे वीजबिल भरावे लागले!

त्या वेळी हा अन्याय वाटला होता. पुढे नियम वाचल्यावर ध्यानात आले की ही अडवणूक कंपनीच्या लहरीची नव्हती, नियमांतच ती अंतर्भूत होती. केवळ मोबाईल क्रमांक पडताळून आणि ओळखपत्राचा क्रमांक स्वतः लिहून उघडलेले वॉलेट हे ‘लघु’ वर्गात मोडते. २०२१ च्या निर्देशांनुसार अशा वॉलेटमध्ये महिन्यास दहा हजार व वर्षास एक लाख वीस हजारांपेक्षा अधिक भरणा करता येत नाही, आणि कोणत्याही क्षणी शिल्लक दहा हजारांच्या वर जाऊ शकत नाही. त्यातून वस्तू व सेवा खरेदी करता येतात. दुसऱ्यास किंवा स्वतःच्या खात्यास पैसे पाठविणे अथवा रोख काढणे यांस अनुमती नाही. रोख भरण्याची सोय असलेल्या लघु वॉलेटचे चोवीस महिन्यांत पूर्ण केवायसी करून घ्यावे लागते. न केल्यास पुढील भरणा थांबतो, शिल्लक मात्र खर्च करता येते. पूर्ण केवायसी झालेल्या वॉलेटमध्ये दोन लाखांपर्यंत शिल्लक ठेवता येते आणि ती बँक खात्यात वळविता येते.

या निर्बंधामागे कारण आहे. ओळख न पटलेल्या माणसाने एका बाजूने पैसे भरून दुसऱ्या बाजूने काढले तर तो मार्ग चोरीच्या व काळ्या पैशाला मोकळा होतो. म्हणून नियमकर्त्यांनी आत येण्याचे दार रुंद ठेवले आणि बाहेर पडण्याचे अरुंद केले. तक्रार असेल तर ती एवढीच की, भरणा करतानाच्या पडद्यावर हे दुसरे दार कितपत रुंद आहे याची सूचना ठळकपणे दिली जात नाही. मात्र एक सोय नियमांत आहे व ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे : लघु वॉलेट कायमचे बंद करावयाचे असेल तर त्यातील शिल्लक ज्या मार्गाने भरली त्याच मूळ खात्यात परत मागता येते. २०१९ मध्ये लेखकाने ही विचारणा केली असती तर शेजारच्या काकांना त्रास पडला नसता.

नोटाबंदी आणि कोल्हापूर

वॉलेट या प्रदेशात रुजले ते नोव्हेंबर २०१६ नंतर. त्या वर्षाच्या ८ नोव्हेंबरला पाचशे व हजारांच्या नोटा रद्द झाल्या आणि १४ नोव्हेंबरला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास व बदलून देण्यास मनाई झाली. कोल्हापूर जिल्ह्यासारख्या ठिकाणी, जेथे उसाचे बिल आणि दुधाचे बिल मोठ्या प्रमाणावर जिल्हा बँकेच्या व सेवा संस्थांच्या साखळीतून घरी येते, तेथे या निर्णयाचा अर्थ मुंबईपेक्षा निराळा होता. यूपीआय त्या वेळी नवजात होते. त्याचा आरंभ एप्रिल २०१६ मध्ये झाला आणि सर्वसामान्यांसाठी बँकांची ॲप्स ऑगस्टअखेरीस आली. दुकानांच्या काचेवर जी चिकटपट्टी प्रथम दिसू लागली ती वॉलेटची होती.

यात एक विसंगती होती. वॉलेट भरण्यासाठी डेबिट कार्ड किंवा नेटबँकिंग लागे, म्हणजे ज्याच्याकडे व्यापारी बँकेच्या सोयी आधीच होत्या त्यालाच नोटांच्या टंचाईवर हा उपाय उपलब्ध होता. नोकरदार वर्ग, त्यात आपण प्राध्यापक आलोच, वॉलेटने भाजी घेऊ लागला. भाजी विकणाऱ्या बाईच्या हाती आलेली वॉलेटमधील शिल्लक मात्र तिला दुसऱ्या दिवशी बाजार समितीत खर्च करता येईल याची शाश्वती नव्हती. पुढे यूपीआय सर्व बँकांत पसरले, जानेवारी २०२० पासून यूपीआय व्यवहारांवरील दुकानदाराचे शुल्क शून्य करण्यात आले आणि आधी पैसे भरून ठेवण्याचे मूळ कारणच बरेचसे नाहीसे झाले. तरी सवय राहिली.

मार्च २०२४ चा धडा

ठेव आणि आगाऊ भरणा यांतील फरक देशभर एकाच वेळी उघड झाला तो २०२४ च्या आरंभी. ३१ जानेवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेस २९ फेब्रुवारीनंतर नवीन ठेवी, वॉलेटमधील भरणा व फास्टॅगमधील भरणा स्वीकारण्यास मनाई केली. ही मुदत नंतर १५ मार्चपर्यंत वाढविण्यात आली. नियमांचे सातत्याने पालन न झाल्याचे कारण त्यामागे देण्यात आले. अनेकांना वाटले, आता पेटीएम बंद. वस्तुतः तीन प्रकारच्या ग्राहकांवर तीन निराळे परिणाम झाले.

ज्यांनी ते ॲप केवळ आपल्या अन्य बँकेतील खात्यावरून यूपीआय करण्यासाठी वापरले होते, त्यांचा पैसा तेथे नव्हताच. कंपनीने अन्य बँकांच्या साहाय्याने ही सेवा पुढे चालू ठेवली. ज्यांची वॉलेटमध्ये शिल्लक होती, त्यांना ती खर्च करण्यास, काढण्यास वा दुसरीकडे वळविण्यास मोकळीक राहिली, पण नव्याने एक रुपयाही भरता येईना. आणि ज्यांचे वॉलेट किमान केवायसीचे होते, त्यांना ती शिल्लक दुकानदारांकडेच खर्चावी लागणार होती, किंवा वॉलेट बंद करून पैसे खात्यात मागावे लागणार होते. तिसरा वर्ग फास्टॅगधारकांचा.

फास्टॅगचा उल्लेख मुद्दाम केला. आपण वॉलेट वापरत नाही असे अभिमानाने सांगणारे सहकारी पुण्यास विद्यापीठाच्या कामासाठी मोटारीने जातात तेव्हा किणी नाक्यावर त्यांच्या काचेवरील पट्टीतून जो टोल कापला जातो, तो बहुधा अशाच आगाऊ भरलेल्या शिल्लकेतून. फेब्रुवारी २०२१ च्या मध्यापासून राष्ट्रीय महामार्गावर फास्टॅग सक्तीचा झाला. न लावल्यास तेव्हा दुप्पट टोल द्यावा लागे. म्हणजे येथे आगाऊ भरणा ही ऐच्छिक सोय राहिलीच नाही. मार्च २०२४ मध्ये पेटीएम बँकेचा टॅग असलेल्यांना शिल्लक संपेपर्यंत तो वापरता आला. दुसऱ्या बँकेच्या टॅगमध्ये शिल्लक वळविण्याची सोय मात्र फास्टॅगच्या रचनेतच नव्हती. जुना टॅग बंद करून परतावा मागणे आणि नवा टॅग घेऊन त्यात पुन्हा पैसे भरणे हाच मार्ग होता.

याच्या जोडीस जिल्ह्यातील एक उदाहरण ठेवावे. डिसेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने इचलकरंजीच्या शंकरराव पुजारी नूतन नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. तेथील ठेवीदार चिंतेत होते, पण त्यांच्या हाती एक निश्चित आकडा होता : पाच लाखांपर्यंतचा विमा-दावा. वॉलेटधारकाकडे असा आकडा नसतो. त्याच्याकडे असतो तो एस्क्रोवरील भरवसा.

यूपीआय लाइट : मधला मार्ग

सप्टेंबर २०२२ मध्ये आलेली यूपीआय लाइट ही योजना या पार्श्वभूमीवर पाहिली तर तिचे वेगळेपण ध्यानात येते. चहाचे दहा रुपये, झेरॉक्सचे सहा रुपये असे असंख्य लहान व्यवहार बँकांच्या मुख्य संगणकप्रणालीवर भार टाकत होते आणि पासबुकांची पाने भरवीत होते. त्यावर उपाय म्हणून खात्यातील थोडी रक्कम आधीच वेगळी काढून फोनवरील लाइट शिल्लकेत ठेवावयाची, आणि तिच्यातून पिन न टाकता लहान देणी द्यावयाची, अशी योजना झाली. आरंभी एका देण्याची मर्यादा दोनशे व एकूण शिल्लकेची दोन हजार रुपये होती; ऑगस्ट २०२३ मध्ये देण्याची मर्यादा पाचशे झाली; डिसेंबर २०२४ मध्ये या मर्यादा अनुक्रमे एक हजार व पाच हजार करण्यात आल्या.

वॉलेटप्रमाणेच येथेही रक्कम खात्यास नावे पडते, येथेही व्याज नाही. परंतु ती तिऱ्हाईत कंपनीच्या वहीत जात नाही. आपल्याच बँकेकडे, वेगळ्या खात्यात, राहते. पासबुकात केवळ भरण्याची एक नोंद दिसते, पुढचे सुटे व्यवहार दिसत नाहीत. हिशेब ठेवणाऱ्यास हे सोयीचे वाटेल किंवा गैरसोयीचेही. लेखकास स्वतःला महिन्याच्या शेवटी ‘लाइट – २,०००’ एवढीच नोंद पाहून पैसे कशात गेले हे आठवावे लागते. शिल्लक मूळ खात्यात परत नेण्यासाठी आधी संपूर्ण लाइट सेवा बंद करावी लागे. २०२५ च्या आरंभी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने सेवा चालू ठेवून रक्कम परत वळविण्याची सोय देण्यास बँकांना व ॲपना सांगितले. बाहेर पडण्याचे दार येथे हळूहळू का होईना, रुंद होत आहे. पिन नसल्याने फोन उघडा सापडल्यास शिल्लकेइतके नुकसान होऊ शकते, आणि शिल्लक त्या फोनशी निगडित असल्याने फोन बदलण्यापूर्वी वा ॲप काढून टाकण्यापूर्वी ती परत वळवून घेणे श्रेयस्कर.

फोन, टॉवर आणि पूर

वरील सर्व विवेचन फोन चालू आहे या गृहीतकावर आधारलेले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या पुराने हे गृहीतक तपासून दाखविले. शिरोलीजवळ महामार्ग अनेक दिवस बंद होता, शहराच्या मोठ्या भागात वीज नव्हती आणि कित्येक ठिकाणी मोबाईलचे जाळे कोलमडले. बँकेतील पैसा, वॉलेटमधील पैसा व लाइटमधील पैसा यांत त्या आठवड्यात काहीही फरक उरला नव्हता; खिशातील नोट तेवढी चालत होती, आणि ज्यांनी महिनाभराचा व्यवहार फोनवर नेला होता त्यांच्यापाशी नोटा नव्हत्या. जुलै २०२१ मध्ये हीच परिस्थिती पुन्हा उद्भवली. जानेवारी २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाळ्याविना चालणाऱ्या लहान देण्यांसाठी चौकट आखली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ‘लाइट एक्स’ ही दोन फोन जवळ आणून पैसे देण्याची योजना आली. नदीकाठच्या गावातील किराणा दुकानात तिचा वापर लेखकाच्या पाहण्यात अद्याप आलेला नाही.

पैसे गेल्यास

अनधिकृत व्यवहाराविषयी बिगर-बँक वॉलेटधारकाचे दायित्व रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१९ मध्ये निश्चित केले. चूक कंपनीची असेल तर ग्राहकावर दायित्व नाही. चूक दोघांचीही नसून व्यवस्थेत अन्यत्र असेल व ग्राहकाने तीन दिवसांत कळविले तर त्याचे दायित्व शून्य. चार ते सात दिवसांत कळविले तर व्यवहाराची रक्कम किंवा दहा हजार रुपये यांपैकी जे कमी असेल तेवढे. ग्राहकाने स्वतःच पिन वा ओटीपी दिला असेल तर कळविण्यापूर्वीचे नुकसान त्याचेच. म्हणून प्रथम कंपनीस कळवून तक्रार क्रमांक घ्यावा आणि फसवणूक असेल तर १९३० या क्रमांकावर तत्काळ नोंद करावी. कंपनीने तीस दिवसांत समाधान केले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. नोव्हेंबर २०२१ च्या एकात्मिक योजनेने बँका व वॉलेट कंपन्या या दोहोंसाठी हे दार एक केले. महाविद्यालयातील सेवकवर्गास हे क्रमांक सूचनाफलकावर लावून द्यावेत अशी सूचना लेखकाने केली होती. वेळापत्रकाखाली ती अजून दिसते.

विसरलेल्या शिल्लकेचे काय

वॉलेटची वैधता शेवटच्या भरण्यापासून किमान एक वर्ष असावी लागते. ती संपण्यापूर्वीच्या पंचेचाळीस दिवसांत कंपनीने ग्राहकास सावध केले पाहिजे. वैधता संपल्यानंतरही निदान तीन वर्षे बिगर-बँक कंपनीस ती रक्कम आपल्या नफ्यात वळविता येत नाही, आणि ग्राहकाने मागणी केल्यास, ती केव्हाही केली तरी, रक्कम त्याच्या बँक खात्यात द्यावी लागते. अडचण एवढीच की, सावधगिरीचा संदेश जुन्या मोबाईल क्रमांकावर जातो आणि क्रमांक बदललेला असतो.

हा लेख लिहिताना लेखकाने २०१९ मधील त्या वॉलेटचा पुन्हा शोध घेतला. शेजाऱ्याचे वीजबिल आणि रिचार्ज यांतून उरलेले एकशे बेचाळीस रुपये त्यात तसेच आहेत. क्रमांक सुदैवाने तोच आहे. ती रक्कम खात्यात मिळावी असा अर्ज ॲपमधूनच केला, त्याचा क्रमांक आला आहे, आणि पासबुक पुढील आठवड्यात भरून घ्यावयाचे आहे.